मोडेम, मी आणि एकनंबरची फाइल

ती. स्व. ताई,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण सध्या माझ्या खोलीत जमीन दिसत नाही. वायरी, स्क्रू आणि पोट उघडून पडलेला कॉम्प्युटर यांच्यावरून उड्या मारत मी पलंग गाठतो. तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे. तुझी पाठ कशी आहे हे विचारत नाही, कारण ती बरी झाल्याचं मला मंगळवारी कळलं. म्हणजे कळलं एकनंबरला, मला त्यानं वाचून दाखवलं. तुझ्या नव्या घरातला नळ गळायचा थांबला हे शुक्रवारी कळलं. तुझ्या ऑफिसातली मोठी बाई कडक आहे पण मनानं चांगली आहे, हे तर दोनदा कळलं. इतकं सगळं कळत असताना मी कसली खुशाली विचारू? माझी तब्येत ठीक आहे, एक बोट सोडून. त्याचं पुढे येईल.

एकनंबर म्हणजे आत्याचा मुलगा, हे तुला सांगायला नको, पण मी त्याला हे नाव का ठेवलं ते तू विसरली असशील म्हणून सांगतो. शाळेत दरवर्षी पहिला. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा, म्हणजे जन्मालाही पहिलाच आला. आता मी चार महिने आत्याकडे वरच्या खोलीत राहतो, तर घरात इंटरनेटही त्याच्याकडेच पहिलं आलं. त्याच्या मोडेमला बाहेरून चार हिरवे दिवे आहेत आणि कॉम्प्युटरला आत्यानं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर आहे (मला चार महिन्यांत एक उशीचा अभ्रा मिळाला, तोही एका बाजूला उसवलेला). रोज दुपारी चार वाजता तो तुझी मेल उतरवतो, छापतो, कागदाला दोन भोकं पाडतो, निळ्या फायलीत लावतो आणि चहाच्या वेळी आम्हा सगळ्यांना वाचून दाखवतो. आवाज असा लावतो की पत्र त्याला आलंय हे शेजारच्यांनाही कळावं. आणि मधेच थांबून म्हणतो, इथे जरा इकडचं तिकडचं आहे, आणि पान उलटतो. ताई, तुझं इकडचं तिकडचं मला सोडून सगळ्या जगाला ठाऊक आहे असं मला त्या वेळी वाटतं. शेवटी माझ्यासाठी एक ओळ असते: धाकट्याला नीट राहायला सांग. चार शब्द. नळावर तू अर्धं पान लिहिलं होतंस, मी मोजलंय.

म्हणून मी ठरवलं की आपलाही मोडेम हवा. (त्याआधी मी कबुतर पाळायचा विचार केला होता. मी आधी कामाला होतो त्या फोटो स्टुडिओच्या गच्चीवर एक होतं, पायाला पिवळी पट्टी बांधलेलं, अगदी शहाणं, पण ते फक्त स्टुडिओतच परत यायचं, आणि मी स्टुडिओ सोडला. असो.) सध्या मी भंगाराच्या गोदामात कामाला आहे. तिथे एका विमा कचेरीचे अकरा जुने कॉम्प्युटर आले, त्यांतून मी एक धडका जुळवला. मालक म्हणाले, ने, पण घरी आग लागली तर आमचं नाव सांगू नकोस. बोट त्याच दिवशी पत्र्यात चेमटलं. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली होती, ती घातली. ही लिनक्स म्हणजे लोकांनी मिळून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम. कुणाच्या मालकीची नाही, कुणीही उघडून आत बघावं, दुरुस्त करावं. मला ही कल्पना फार आवडली. माझ्यासारखीच आहे, कुणाची नाही आणि सगळीकडे थोडी थोडी.

तर मोडेम. मला गोदामात मिळाला तो आत बसवायच्या पट्टीचा, आणि तो अर्ध्या डोक्याचा निघाला. खरंच सांगतो. करणाऱ्यांनी खर्च वाचवायला मोडेमचं निम्मं डोकं त्यात घातलंच नाही, उरलेला विचार कॉम्प्युटरनं करावा अशी अपेक्षा. तो विचार कसा करायचा हे सांगणारा जो प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्ससाठी तो सीडीवर नव्हता. कुण्या परोपकारी माणसानं तो लिहून इंटरनेटवर ठेवला होता. आता नीट लक्ष दे. इंटरनेट मिळायला मोडेम चालायला हवा, मोडेम चालायला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर इंटरनेटवर. घरात इंटरनेट एकाच माणसाकडे. फुलाफुलांच्या कव्हराखाली.

मी दोन दिवस उपाशी राहिल्यासारखा हिंडलो आणि तिसऱ्या दिवशी फ्लॉपी घेऊन खाली गेलो. नोकरीच्या जाहिराती बघायच्यात असं सांगितलं. त्यानं चष्मा पुसत विचारलं, कसली नोकरी? मी म्हटलं, फ्लॉपीवर मावेल अशी. तो खुर्ची सोडून बाहेर गेला. (त्याचा हाच गुण मला सहन होत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.) ड्रायव्हर सापडला. फाइल निघाली पावणेदोन एमबीची, आणि फ्लॉपीत दीडसुद्धा धड मावत नाहीत. मी ती चार वेळा कोंबून पाहिली, जणू पाचव्या वेळी फ्लॉपीला माझी दया येईल. शेवटी तशीच ठेवून वर आलो. संध्याकाळी माझ्या दाराशी दोन फ्लॉप्या, एकीवर पहिला भाग, दुसरीवर दुसरा भाग, सुवाच्य अक्षरात. खाली दोन्ही जोडायला कॉम्प्युटरला द्यायचा हुकूमही लिहिलेला. मला इतका राग आला की मी त्या दुसऱ्या दिवशीपर्यंत वापरल्या नाहीत.

पुढचे नऊ दिवस तुला सगळे सांगत नाही. ड्रायव्हर आपल्या सिस्टीमसाठी कॉम्प्युटरवरच तयार करून घ्यावा लागतो, आणि त्याला सिस्टीमचं मूळ लिखाण लागतं, ते मासिकाच्या पुढच्या अंकातल्या सीडीवर. पुढचा अंक आला, तर सिस्टीमही पुढची. मग आधी सिस्टीम बदलली. ती तयार होताना अडीच तास पडद्यावर अक्षरं पळत होती आणि मी एखाद्याचं ऑपरेशन चालू असल्यासारखा जिन्यात बसून होतो. आत्या दोनदा विचारून गेली, झालं का रे? तिसऱ्यांदा चहा देऊन गेली, तेव्हा मला अभ्र्याबद्दल बोलल्याची लाज वाटली. (वरचं कंसातलं खोडत नाही, शाई कमी आहे.) शेवटी नवव्या दिवशी मोडेम जागा झाला. मी बैठकीतल्या फोनला एक जोडवायर लावून ती जिन्यावरून वर आणली, नंबर लावला, आणि पडद्यावर आलं: नो डायलटोन.

फोन कानाला लावला की सूर स्पष्ट ऐकू येतो. मोडेमला येईना. मी ड्रायव्हर पुन्हा तयार केला, तीन वेळा. वायर बदलली. मोडेमला शिव्या दिल्या, मग समजूत काढली. नो डायलटोन. आणि खाली चारच्या ठोक्याला त्याचे चार हिरवे दिवे, मग छपाईचा आवाज, मग भोकं पाडायचा टक. ताई, त्या टकचा मला जितका मत्सर वाटतो तितका आयुष्यात कशाचा वाटला नाही. मी जिन्यातून ओरडून सांगितलं की आज मला चहा नको. आत्या म्हणाली, ताईचं पत्र ऐकायलाही येणार नाहीस? मी म्हटलं, नळ थांबलाय एवढं कळलंय, पुरे.

थोड्या वेळानं दाराखालून एक कागद सरकला. त्यावर एकनंबरच्या अक्षरात: आपल्या टेलिफोन एक्स्चेंजचा सूर थांबून थांबून येतो. तुझा मोडेम सलग सुराची वाट बघत बसतो. त्याला सांग की सुराची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव. आणि खाली तो हुकूम, सात अक्षरांचा. म्हणजे त्याला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मी हुकूम दिला. मोडेमनं सुराची वाट न बघता नंबर फिरवला, दाराची बिजागरी आणि मांजर यांचं भांडण झाल्यासारखा आवाज केला, आणि लागला.

लागला, ताई. आणि मला कळेना आता काय करायचं. तुझ्या गावाचं हवामान पाहिलं. सहा अंश. स्वेटर घालत जा. मग पाणी प्यायला खाली आलो, तर एकनंबर फोनशेजारी खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसलेला. आत्याला मैत्रिणीला फोन करायचा होता आणि तो तिला अडवत होता, कारण खाली कुणी रिसीव्हर उचलला की माझी वरची लाइन तुटली असती. मी बघितलं नाही असं दाखवून वर आलो आणि हुकुमाचा कागद उचलला, तर तो पाठकोरा नव्हता. त्याला कागद वाया घालवलेला चालत नाही. मागे तुझी त्या दिवशीची मेल होती, आणि मधोमध ते इकडचं तिकडचं.

ते असं: हे धाकट्याला वाचून दाखवू नकोस. मी त्याला तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. रागावलाय का? तो आधी लिहील तेव्हाच मी लिहीन असं ठरवलंय, पण तोवर तू कळवत जा. जेवतो का, झोपतो का, नवीन काम टिकलं का.

तर उत्तर असं. जेवतो. झोपतो. काम टिकलंय, चौथा महिना आहे. तीन पत्रांपैकी एक, स्टुडिओच्या आधी मी कामाला होतो त्या सायकलच्या दुकानात गेलं असेल, एक स्टुडिओत, मी तेव्हा तिथून निघालो होतो. तिसरं मिळालं. त्याचं उत्तरही लिहायला घेतलं होतं, पण त्या कागदावर पुढे मोडेमच्या जोडणीची आकृती काढली गेली. रागावलो नव्हतो. तूच आधी पुन्हा लिहिशील म्हणून बसलो होतो.

तुझा,
धाकटा

ता. क. तरीही नळावर अर्धं पान जरा जास्तच झालं.

ता. क. २. हे सगळं लिहिण्याचं खरं कारण असं की माझा मोडेम आता चालतो, पण तुझा ई-मेलचा पत्ता माझ्याकडे नाही. त्या छापील मेलवर होता, पण एकनंबर कडेला जागा सोडत नाही, त्यामुळे वरचं भोक बरोबर तुझ्या पत्त्यात पडलंय. पहिली चार अक्षरं त्यातच गेलीत. त्याला विचारलं असतं, पण तो लगेच सांगेल. म्हणून तू पोस्टानं कळव, आठ दिवस लागले तरी चालतील.

ता. क. ३. पत्र घालायला पाकीट शोधत होतो, तर जिन्याच्या कठड्यावर एक ठेवलेलं मिळालं. त्यावर तुझा घरचा पत्ता त्याच्या अक्षरात लिहिलेला, तिकीटही लावलेलं. सोबत एक चिठ्ठी आहे, घडी घातलेली, वर लिहिलंय: ताईचा ई-मेल. ती मी उघडलेली नाही. तू कळवलास की उघडून ताडून बघेन. एखादं अक्षर चुकलेलं निघालं तर मला फार बरं वाटेल.