डब्याला अपडेट लागत नाही

३ मार्च
ही मुलीकडे गेली. चार दिवसांसाठी, असं मी धरून चाललोय. बॅग मोठी नेली, पण बायका चार दिवसांनाही मोठीच बॅग नेतात. दारात म्हणाली, तुम्ही जन्मात बदलणार नाही. मी थँक्यू म्हटलं. ते कौतुक नव्हतं हे नंतर लक्षात आलं.

हॉलमधला बोलका स्पीकर मुलीने दिलेला. मी त्याला डबा म्हणतो. संध्याकाळी म्हणाला, अपडेट आलाय, करू का? नाही म्हटलं. दुकान टाकून रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. आवाजाच्या यंत्राला वीज लागते, चांगला कॅपॅसिटर लागतो आणि ऐकणाऱ्याला कान लागतात. बाकी सगळे कंपन्यांचे धंदे. इतक्या वर्षांत डब्याला मी एकही अपडेट करू दिलेला नाही. तरी घड्याळासारखा चालतो. मीही तसाच चालतो.

५ मार्च, सकाळी
डब्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.
संकल्प: आपण होऊन हिला फोन करायचा नाही. गेली ती, करेल ती. रोज फिरायला जायचं. हिच्यावाचून घर चालतं हे दाखवून द्यायचं. कुणाला, ते नंतर ठरवू.
दूध उतू गेलं. शेगडीची ज्योत नीट लागत नाही. शेगड्याच हल्ली भिकार येतात.

९ मार्च
फिरायला गेलो नाही. डब्याने सहाचा गजर दुपारी वाजवला. मी तेव्हाही झोपलेलोच होतो, त्यामुळे फुकट गेला असं म्हणता येणार नाही.
हिचा फोन नाही. एरवी मुलीकडे गेली की डब्यावरच फोन करते. भाजी निवडता निवडता बोलता येतं म्हणे.

१४ मार्च
डबा गाणी अर्ध्यात तोडतो. नेटचा दोष.
जावयाचा फोन. हिचे उन्हाळी कपडे कुरिअर करायचे आहेत. सगळे. तिकडे उकडत असेल. बोलता बोलता म्हणाला, बाबा, अपडेट करून टाका, नाहीतर त्यावर कॉल यायचे बंद होतात. त्याला कॅपॅसिटरबद्दल सविस्तर सांगितलं. त्याला मीटिंग होती.

दुपारी ४
कपड्यांच्या घड्या करताना डोक्यात प्रकाश पडला. ही रोज फोन करत असणार! डबाच घेत नाही. बिचारी. मोबाइलवर का करत नाही? रागावलेलं माणूस मोबाइलवर करत नाही, तो लगेच उचलला जातो. आता तर अपडेट नकोच. करू दे अजून थोडे दिवस, तिलाही कळू दे.
कितीतरी दिवसांनी नीट जेवलो.

२० मार्च
मुलीला फोन केला. हिला नव्हे, संकल्प शाबूत आहे. सहज म्हणालो, आजवर एकही अपडेट न करता डबा चालवला बघ. मुलगी म्हणाली, बाबा, आई करायची. तुम्ही आंघोळीला गेलात की. तुम्हाला कळलं तर दिवसभर भाषण ऐकावं लागेल, म्हणून गुपचूप.
विचारलं, आणखी काय करायची? म्हणाली, शेगडीचे बर्नर दर रविवारी पिनेने कोरायची. आणि तुम्ही दुकानात ज्या गिऱ्हाइकांवर खेकसायचात, त्यांना संध्याकाळी फोन करून तुमच्या वतीने माफी मागायची. दुकान तुमच्या कानांवर चाललं असं वाटतं का तुम्हाला?
मी म्हटलं, रेंज नाहीये. होती.

२२ मार्च
अपडेट करायचं ठरवलं. ही माघार नव्हे. अडकलेले फोन मोकळे करणं हे माझं कर्तव्य आहे. ती बोलली की आधी तिचं ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. निदान पहिलं वाक्य तरी. बर्नर पिनेने साफ केले, ज्योत निळी झाली. दाढी केली. डब्यासमोर खुर्ची ओढून हो म्हटलं.

संध्याकाळी ६
झाला अपडेट. आवाज खरंच सुधारला, खोटं कशाला बोलू. त्या सुधारलेल्या आवाजात डबा म्हणाला, मूळ खातेदाराने हे उपकरण तीन मार्चला आपल्या खात्यातून काढून टाकलं आहे. खातं हिच्या नावावर होतं. म्हणजे जायच्या दिवशीच. फोन यायचा प्रश्नच नव्हता. अपडेट नव्हता म्हणून डब्याला ते कळलं नव्हतं. मलाही.
डबा म्हणाला, नव्याने सुरुवात करू या. घरात किती माणसं राहतात?
दोन म्हटलं.
माझा आवाज नोंदवून घेतला. मग म्हणाला, आता दुसऱ्या व्यक्तीने बोलावं.
हिच्यासारखा बारीक आवाज काढून पाहिला. डबा म्हणाला, हा पहिलाच आवाज आहे. दुसऱ्या व्यक्तीची वाट पाहत आहे.
बरंच थांबलो. मग एक म्हटलं.