तीनच्या पुढे

ओजिमा, तोक्यो
२९ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचले हे स्वानंदने सईला कळवलं असेलच. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आणि ऐकू आलं असतं तरी हे फोनवर बोलले नसते. पत्र सईला वाचायला देऊ नका. भिंग घ्या, खिडकीशी बसा आणि स्वतः वाचा.

इथे सगळं ठीक. सरकारी इमारतीत स्वानंदचं घर आहे, सातव्या मजल्यावर. गुडघा लिफ्टमुळे वाचतो. सूनबाई सकाळी कामाला जाते, तोही जातो. मला दोघांची ताकीद, कचरा ज्या दिवशीचा त्याच दिवशी टाकायचा आणि वर जाळं नीट ओढायचं, नाहीतर कावळे पिशव्या फाडतात. इथले कावळे आपल्यापेक्षा मोठे आणि धीट. मी म्हटलं, "एवढे कावळे, आणि तुझ्या बाबांच्या दहाव्याला एकासाठी ताटकळलो." स्वानंद म्हणाला, "आई, प्लीज. सकाळी सकाळी नको."

त्याला नको वाटतं, पण माझ्या डोळ्यांसमोरून तो दिवस हलत नाही. पिंडाला कावळा शिवेना. स्वानंद म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. मी म्हटलं, तुमची पुस्तकं रद्दीत जाऊ देणार नाही. नाही हलला. मग तुम्ही, ह्यांच्या आई, खुर्चीतूनच ओरडलात, "विजू, तुझ्या बापाला नेणारा सापडला तर ही कल्पना आणि मी त्याला सोडणार नाही!" आणि कावळा उतरला.

अक्का, तो सापडला आहे.

घाई करत नाही, सगळं सांगते. समोरच्या बागेत सकाळी रेडिओवर व्यायाम लागतो. म्हातारी माणसं चार-चारच्या रांगांत उभी राहून हात वर-खाली करतात. मीही पुढच्या रांगेच्या टोकाला उभी राहू लागले. रांगेसमोर चाकाच्या खुर्चीत एक म्हातारा असतो, शंभरी पार केलेला. चेहरा वाळलेल्या आमसुलासारखा. एक बाई त्याला घेऊन येते. परवा व्यायाम संपला, रेडिओ बंद झाला, आणि त्याने काठी उचलली. पहिल्या माणसाकडे रोखली आणि म्हणाला, "एक." दुसऱ्याकडे, "दोन." तिसऱ्याकडे, "तीन." चौथी मी होते. माझ्याकडे काठी रोखून तो काहीच बोलला नाही. बाकीचे हसले आणि त्याला वाकून नमस्कार करून निघून गेले. त्यांना ते रोजचं आहे.

बाग रिकामी झाली तरी मी तिथेच उभी होते.

आबांच्या पलटणीतल्या श्रीहरीकाकांनी परत येऊन सांगितलेलं तुम्हाला पाठ आहे, मलाही आहे. सिंगापूर पडल्यावर आबांना आणि त्यांना बोटीतून त्या बेटावर नेलं. तिथे तो हवालदार ओकुनो. कैद्यांनी फसवू नये म्हणून त्याने त्यांच्याकडूनच मराठी आकडे शिकून घेतले. कोठारातून काही चोरीला गेलं की रांग लावायची आणि काठीने मोजायचं. एक, दोन, तीन. चौथ्याला आकडा नाही, त्याच्या छातीवर नुसती काठी. तो बाहेर. बाहेर गेलेला परत आला नाही. श्रीहरीकाका तिसरे होते. आबा त्यांच्या शेजारी.

ह्यांनी त्या माणसासाठी जन्मभर कचेऱ्यांना लिहिलं. दरवेळी तेच सभ्य उत्तर, या नावाची व्यक्ती युद्धानंतर आढळत नाही. ह्यांची दृष्टी गेल्यावर लढाईची पुस्तकं मीच वाचून दाखवायचे. चौथी शिकलेली बाई मी, त्या पुस्तकांवरच वाचायला शिकले म्हणा. त्यात जर्मनीतून पळालेल्यांना कुठल्या कुठल्या देशांत जाऊन पकडलं ते असायचं. हे म्हणायचे, "त्यांच्यामागे माणसं होती, कल्पना. आबांच्या मागे कोण आहे? मी एक मास्तर."

आता मी आहे, एवढंच आज लिहिते. तुमचे पाय दुखत असतील तर शेक घ्या.

तुमची
कल्पना

*

ओजिमा
१४ ऑक्टोबर

ती. अक्का,
सा. न.

सईने तुमच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. खाली तिने विचारलंय, "मामी, कुणाला शब्द दिलाय? आजी काही सांगत नाही." मी तिला कळवलं, नवस आहे. तुमची एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "शब्द दिला आहे, विसरू नकोस." विसरले नाही.

स्वानंदला मी काही सांगितलेलं नाही. त्याची नोकरी इथली, घर इथलं. परवा म्हणाला, "आई, तू त्या फुमिको-सानशी रोज काय एवढं बोलतेस? भाषा येते का तुला?" मी म्हटलं, "तुझ्या फोनला येते ना." त्याने माझ्या फोनमध्ये ते घालून दिलंय. मी मराठीत बोलते, फोन जपानीत बोलतो. ती जपानीत बोलते, फोन मराठीत बोलतो. मराठी मात्र कीर्तनकाराची. "आदरणीय महोदया, आपले गुडघे आज कसे आहेत?" हसू येतं. हसायची माझी तयारी नसते, तरी येतं.

फुमिको त्या म्हाताऱ्याची सून. माझ्याएवढीच. नवरा गेला, सासरा उरला. ती त्याचं तोंड पुसते, मोजे सारखे करते, आणि कुणी बघत नसलं की त्याच्या कानात जोरात ओरडते, "ओतो-सान, अहो बाबा, तुम्ही मला पुरून उरणार!" असं तिनेच मला सांगितलं. अक्का, ती वाईट बाई असती तर मला बरं झालं असतं.

मी तिला त्याचं नाव विचारलं. सावाई. वाटलं, चुकले. मग तिने सांगितलं, सावाई हे सासूच्या माहेरचं नाव. त्या घरात मुलगा नव्हता. लढाईहून आल्यावर हा तिथे घरजावई झाला. इथे घरजावई बायकोचं आडनाव घेतो, कागदोपत्री त्याच घरचा मुलगा होतो. आधीचं आडनाव विचारलं तर म्हणाली, "ओकुनो."

आपल्याकडे बाईचं नाव बदलतं. पुरुषाचंही बदलत असेल, हे ह्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्याला पळावंसुद्धा लागलं नाही हो. लग्न केलं आणि नाहीसा झाला.

आणखी एक ऐका. त्याच्या त्या मोजण्याला घरात सगळे मंत्र समजतात. दक्षिणेच्या बेटांवर कुणा साधूकडून शिकला असेल, अशी समजूत. त्याने कधी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. फुमिकोची नातवंडं लपाछपी खेळताना भिंतीकडे तोंड करून हेच म्हणतात. एक, दोन, तीन, आणि पळतात. फुमिको कौतुकाने सांगत होती. मी मान डोलावली.

त्याला आता गिळता येत नाही. पाण्यातसुद्धा घट्ट करायची पूड घालते. म्हणाली, "मोची तर मुळीच नाही." तांदळाचा तो चिकट गोळा इथे नव्या वर्षाला खातात, आणि दरवर्षी म्हाताऱ्यांच्या घशात अडकून माणसं जातात, पेपरात येतं. कुणी कुणावर आळ घेत नाही. सणाचं खाणं असतं.

बाकी ठीक. इथल्या भारतीय दुकानात तांदळाची पिठी छान मिळते. काल उकड काढून पाहिली. पाणी जास्त झालं, चिकट झाली. सूनबाई म्हणाली, "फेकून द्या, आई." मी म्हटलं, "असू दे. अशीच हवी होती."

व्हिसा संपत आलाय.

तुमची
कल्पना

*

ओजिमा
५ नोव्हेंबर

ती. अक्का,
सा. न.

मध्ये लिहिलं नाही. तुम्ही वाट बघत असाल, खिडकीशी बसला असाल. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. नंतर काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

मोदक केले. घरात सगळ्यांना साधे दिले आणि एक वेगळा ठेवला, सारण न घालता, नुसत्या उकडीचा. डबीत घालून बागेत गेले. मनात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही मनात तेच होतं. व्यायाम झाला, लोक गेले. आम्ही बाकावर बसलो. आमच्या मधे फोन, आणि तो खुर्चीत. गारठा होता. फुमिको म्हणाली, गरम चहा आणते, यांच्याकडे जरा बघाल? आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे गेली. इतका विश्वास कुणी कुणावर टाकू नये.

मी डबी उघडली. त्याला वास आला असेल. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. आत दात नाहीत. लहान मूल घासासाठी करतं तसा आ. मी मोदक उचलला. अक्का, माझा हात थरथरला नाही. हे लिहायचं टाळत होते, पण तेच खरं आहे. ह्यांच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं तेव्हा थरथरला होता. तेव्हा नाही.

मोदक त्याच्या ओठांना लागला. आणि तो म्हणाला, "एक."

कुणाकडे बघून नाही. उगाच, माझ्या बोटांशी. "दोन. तीन."

आणि बाकावरचा फोन बोलला. मघाच्या गप्पांत चालूच राहिला होता. त्या फोनातल्या बाईच्या गोड आवाजात, जपानीत. "इचि. नि. सान."

मी मागे बघितलं. फुमिको दोन्ही हातांत गरम चहाचे पत्र्याचे बंद डबे घेऊन उभी होती.

तिने डबे बाकावर ठेवले. फोन हातात घेतला, त्यावर उमटलेलं वाचलं, मग त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या मोदकाकडे. काहीतरी बोलली. फोन म्हणाला, "ही आपली भाषा आहे काय?"

"हो."

"हे मंत्र नाहीत?"

"नाहीत. आकडे आहेत."

"आमच्या आजोबांना आपल्या भाषेतले आकडे कोणी शिकवले?"

मी खोटं बोलू शकले असते. कुणी व्यापारी असेल, योकोहामाला आपली माणसं पूर्वीपासून आहेत. पण मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यांनी. आणि त्यांच्या सोबत्यांनी."

ती खाली बसली. जमिनीवरच. तिने विचारलं, "तीनच्या पुढे काय येतं? यांनी पुढचा आकडा कधीच म्हटला नाही."

मी त्याच्या कानाशी वाकले आणि सांगितलं, "चार."

वाटलं होतं, काहीतरी होईल. दचकेल, रडेल, निदान काठी पडेल. इतक्या वर्षांचा आपला राग त्या एका शब्दात होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंड उघडलं. त्याला घास हवा होता. बस. ज्याला शोधायला ह्यांनी डोळे घालवले तो त्या खुर्चीत नव्हताच हो. तो कधी निघून गेला कुणास ठाऊक. भूक तेवढी मागे राहिली होती.

मी मोदक डबीत ठेवला आणि झाकण लावलं. मग फुमिकोला सगळं सांगितलं. बेट, रांग, काठी, चौथा माणूस. मी बोलायची, थांबायची, फोन बोलायचा. मधे एकदा फोनने "मारून टाकलं"ला काहीतरी भलताच शब्द लावला असावा, कारण ती म्हणाली, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. ती एकदाही "शक्य नाही" म्हणाली नाही. डबीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हे त्यासाठी होतं?" मी म्हटलं, "हो." ती उठली. मग खुर्ची वळवली आणि त्याला घेऊन गेली. चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून मी दाराकडे कान लावून बसले. पोलीस येतील, स्वानंदची नोकरी जाईल. शेवटी स्वानंदला सांगावं लागलं. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "आई, तू खरंच दिला असतास?" मी म्हटलं, "ओठांपर्यंत गेला होता." तो माझ्यापाशी येऊन बसला. लहानपणी तापात बसायचा तसा.

कुणी आलं नाही. फुमिकोही बागेत येईना.

तो मोदक मी कचऱ्यात टाकला, जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी. वर जाळं ओढलं. वळले तर कावळा जाळ्याखालून पिशवी फाडत होता. त्याने नेमका तोच काढला आणि समोरच्या खांबावर बसून खाल्ला. मी हाकललं नाही. तुम्ही म्हणाल, कल्पना सोयीचा अर्थ लावते. लावत असेन. पण मी त्याला कुठलंच वचन दिलं नव्हतं. मागितलंही नव्हतं त्याने.

काल फुमिको आली. रांग उभी होती, मी टोकाला. ती आधी माझ्यापाशी आली आणि फोन पुढे केला. फोन म्हणाला, "मी नातवंडांना तो खेळ बंद करायला सांगितला. त्यांनी कारण विचारले. मी कारण सांगितले." मग, "माझ्या पतीच्या भगिनीने मला घराबाहेर काढण्याची भाषा केली आहे." मग, "आपल्या सासऱ्यांचे नाव कृपया सांगा."

मी सांगितलं. तिने ते माझ्याकडून वदवून घेतलं, पुन्हा पुन्हा. तिच्या तोंडी ल चा र होई, आणि "दौ" तर जमेना.

व्यायाम झाला. रेडिओ थांबला. म्हाताऱ्याने काठी उचलली. एक. दोन. तीन. काठी माझ्याकडे आली आणि तो गप्प झाला. खुर्चीमागून फुमिको मोठ्याने म्हणाली, सगळ्या बागेला ऐकू जाईल असं, "दोऊरातोराओ."

लोक वळून बघायला लागले. ती पुन्हा म्हणाली. दुसऱ्यांदा जरा बरं म्हणाली.

आता ती रोज म्हणणार आहे, तो असेपर्यंत. कुणी विचारलं तर सांगणार आहे, कोण ते. माझं परतीचं विमान शनिवारी आहे. ओकुनो आणि सावाई एकच, हे तिने कागदावर लिहून दिलंय, खाली इथल्या रीतीने सहीऐवजी स्वतःचा शिक्का मारून. तो कागद मी तुमच्या हातात देईन. पेपरला द्यायचा, सरकारला द्यायचा, की ह्यांच्या फोटोपुढे ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. आबांना पाहिलेली तुम्हीच उरलात.

रागावला असाल तर मी आल्यावर दार उघडू नका. मी ओट्यावर बसून राहीन. पण आधी एकदा, भिंग बाजूला ठेवून, तीनपर्यंत मोजा आणि आबांचं नाव घ्या. तिथे नाव घ्यायचं असतं, हे एवढी वर्षं आपल्यालाही सुचलं नव्हतं.

दौलतरावांची सून,
कल्पना