ओल्या गोणपाटाखालची मेथी

आई,

मंगळवार, १२ मे. सकाळी सातला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पोचले, साडेतीनला सुटले. डब्यात पोळी आणि दुधी होता. इथे ऑस्ट्रेलियात, डार्विन शहरात पाऊस संपलाय, आता खिडकी उघडी ठेवता येते. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि तुला वाचता येत नव्हतं एवढ्या सबबीवर मी एक ओळही लिहिली नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत दोन वर्षांपासून ओळखीची एक नर्स शेजारी येऊन बसली. ती मूळची हैतीची, पार पृथ्वीच्या पलीकडच्या बेटावरची. तिने फोनवर एक जुना फोटो दाखवला. ट्रकवर पोत्यांचा ढीग आणि सगळ्यात वर, डोक्याला फडकं बांधून, ओट्यावर बसावं तशी निवांत बसलेली एक बाई. "माझी आई," ती म्हणाली. "डोंगरातल्या शेतांवरून माल गोळा करून शहरात विकायची. अशा बायका नसत्या तर आमचं शहर उपाशी राहिलं असतं. त्यांना आम्ही एका पक्ष्याच्या नावाने ओळखतो. तो पक्षी कुठूनही दाणा शोधून आणतो आणि सारखा कलकलाट करतो."

"कलकलाट कशाला?"

"माझ्या आईशी भाव करून बघितला असतास, मग कळलं असतं."

मी फोटो मोठा करून पाहिला. कडेच्या पोत्यांवर गडद डाग होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "इकडे पालेभाजी आहे. वरचं गोणपाट ओलं केलंय."

तिने फोन जवळ ओढून ते डाग पाहिले. "मेट," इथे मैत्रिणीलाही असंच म्हणतात, "हे तुला कसं माहीत?"

आठवतंय, आई? मी अकरा वर्षांची आहे, मे महिन्याची सुट्टी आहे, आणि नाशिकला न्यायच्या मेथीवर पाणी मारायचं काम तू माझ्यावर सोपवलंयस. मी जुड्या सरळ बादलीत बुडवून काढते. किती हिरव्यागार दिसतात. तू सहा वाड्यांवरून आणलेला बाकीचा माल टेम्पोत लावण्यात गुंतलेली आहेस. शहरात पोचून पोतं सोडलं तर आतून वाफ येते, जुड्या मधोमध काळ्या पडलेल्या. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तू एक जुडी उकलून पाहिलीस आणि म्हणालीस, "पाणी शिंपडायचं असतं बाई, पाजायचं नसतं." मग वरच्या चांगल्या काड्या निवडून विकता आल्या असत्या. पण तू रिकाम्या हातांनी दारोदार गेलीस. "आज मेथी नाही, पोरीने नासवली." तिसऱ्या मजल्यावरच्या बाई हसून म्हणाल्या, "मावशी, न विकायला एवढे जिने चढलात?" तू म्हणालीस, "तुम्ही वाट बघत बसाल ना."

कुणाच्या शेतात काय कधी उपटायला येणार, कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुठल्या म्हाताऱ्याला कोवळीच भेंडी लागते, हे सगळं तुझ्या डोक्यात असायचं. आम्ही इथे एक नमुना हरवू नये म्हणून त्याला तीन ठिकाणी लेबल लावतो. तू एवढी घरं आणि एवढी शेतं कशी सांभाळलीस, हे मला अजून उमगत नाही. तेव्हा मला तुझ्या डोक्यावरच्या भाजीच्या टोपलीचा वास तेवढा यायचा.

"माझी आईपण हेच करायची," मी नर्सला म्हटलं. पंचवीस वर्षांत इथे पहिल्यांदा.

नर्सने हातातला चमचा खाली ठेवला. "आणि तू दोन वर्षं माझ्या आईच्या गोष्टी नुसत्या ऐकतेयस?"

तिला मी काही सांगितलं नाही, तुला सांगते. व्हिसाचा फॉर्म मी आपल्या ओट्यावर बसून भरला होता. आईचा व्यवसाय, या रकान्यापाशी माझा हात थांबला तेव्हा तू विचारलंस, "माझं काय लिहिलंस?" मी म्हटलं, "भाजीचा धंदा." तू पदराने तोंड पुसून सरळ बसलीस, कुणी फोटो काढतंय अशी. मी गृहिणी लिहिलं होतं, आई.

हे कुठे पाठवायचं नाहीच. रविवारच्या बाजारातून आणलेली मेथीची एक जुडी इथे स्वयंपाकाच्या ओट्यावर आहे. मी एक सुती फडकं ओलं केलं, घट्ट पिळलं, जुडीवर बोटांनी चार थेंब शिंपडले आणि ती गुंडाळून ठेवली.