मी मागे हलले म्हणे

५ जाने. २००३, रवि.

सुलतानपूरच्या तळ्यावर जाऊन आलो. आम्ही दोघं, शेजारचे खन्नाजी आणि त्यांची पम्मी. दोन मोटारसायकली, चार म्हातारे. धुकं दहाला उठलं. पेरू खाल्ले, तिखट-मीठ लावून. येताना दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं, आणि हे गुणगुणत होते, अगदी बेसूर. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आयुष्य गेलं, तेव्हा हा माणूस एकदा गुणगुणला नाही. रिटायर झाले, शहराच्या टोकाला द्वारकेत फ्लॅट झाला, मो.सा. घेतली आणि कंठ फुटला. मला मागे बसून फार बरं वाटतं. इतकं बरं मला आधी कधी वाटलं होतं, आठवत नाही.

टपरीवर पम्मी म्हणाली, "भाभी, इतनी ठंड में कान खुले? स्कार्फ बांधो ना." काय सांगणार? ह्यांचे कान म्हणजे मी, हे? ऐकू कमी येतं, डॉक्टरकडे जायचं नाही, कोणाला कळू द्यायचं नाही, मुलाला, नितीनला तर मुळीच नाही. म्हणून मागून डाव्या बाजूने काही आलं की डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडून आलं की उजव्या. पाठीत दोनदा म्हणजे थांबा. कान झाकले तर मला तरी काय ऐकू येणार? "आदत है," म्हटलं.

घरी येऊन कानात कोमट तेल घातलं.

१३ जाने., सोम.

काल लिहिलं नाही. पडलो.

आधीचं आधी. निघताना खन्नाजी हसत म्हणाले, "भाभीजी तो पीछे बैठके तबला बजाती हैं." झालं. ह्यांचा चेहरा उतरला. कोपऱ्यावर गेल्यावर मला म्हणाले, "आज थापा मारू नकोस. लोक हसतात." मी म्हटलं, अहो, मग ऐकणार कोण? "मला सगळं ऐकू येतं."

मी हात मांडीवर ठेवून बसले. नजफगढ रोडला मागून पाण्याचा टँकर, हॉर्नवर हॉर्न. हे आपले रस्त्याच्या मधोमध. शेवटी राहवेना, मारली थाप. उशीर झाला होता. हे दचकून बाजूला वळले ते थेट वाळूच्या ढिगात. ह्यांचं उजवं मनगट मोडलं. माझा गुडघा सोलला.

फरीदाबादहून नितीन धावत आला. "बाबा, झालं काय?" आणि हे, माझ्यासमोर, प्लास्टर घालून घेता घेता म्हणाले, "ही मागे हलली."

मी काही बोलले नाही. डॉक्टर होता, नर्स होती. पण तेव्हापासून आतून नुसती पेटले आहे.

१४ जाने., मंगळ. संक्रांत

पुण्याहून नणंदेचा फोन. "वहिनी, तुम्ही मागे हललात म्हणे. दादाला केवढ्याला पडलं!" म्हणजे पुण्यापर्यंत पोचलं. लाडू वळले, ह्यांच्या डाव्या हातावर एक ठेवला. गोड बोला वगैरे म्हटलं नाही.

१९ जाने., रवि.

नितीन आणि सून येऊन गेले. सून म्हणाली, "मम्मी, आप गाड़ी में चला करो ना हमारे साथ." नितीनने निकाल दिला: मो.सा. विकायची. "आई, तू आता मागे बसायचं नाही. तुला बॅलन्स राहत नाही, बाबा म्हणाले."

ह्यांच्याकडे पाहिलं. लाडू खात होते. एवढ्या मन लावून लाडू खाताना मी ह्यांना कधी पाहिलं नाही.

नितीन किल्ली घेऊन गेला. मी का गप्प बसले? ह्यांना ऐकू येत नाही म्हटलं असतं तर मो.सा. त्याच मिनिटाला गेली असती आणि ह्यांची अब्रूही. हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर माझ्या डोक्यावर खापर फोडून निवांत आहेत. नीच लिहिलं होतं, खोडलं. नाही, राहू दे. नीचपणाच आहे.

२६ जाने., रवि.

टँकर आला म्हणून मी बादल्या घेऊन खाली गेले. वर येऊन पाहते तर घरभर धूर. कुकर शिट्ट्या मारून मारून थकलेला, वरण करपलेलं, आणि हे शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतायत. "काहीतरी जळतंय का गं?" म्हणे.

खन्नाजी आले होते. "कब चलना है फिर?" हे म्हणाले, हिला भीती बसलीय. हिला!

२ फेब्रु., रवि.

ह्यांच्याशी भांडायचं तरी कसं? हळू बोललं तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललं तर चारही मजले ऐकतात. शेवटी मीच ह्यांना पलीकडच्या सेक्टरात घेऊन गेले. नुसते रस्ते आखलेत, एक घर नाही. तिथे घसा फोडून भांडले.

"नितीनला खरं सांगा."

"काय सांगू? बाप बहिरा झाला म्हणून?"

हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. थोडं वाईट वाटलं. पण थोडंच.

"गाडी जाईल," म्हणाले.

"जाऊ दे. पण मी हलले नाही. एवढंच सांगा त्याला. जिथे तिथे माझं नाव खराब केलंत, ते तुम्ही साफ करायचं."

हे रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. "रस्ता काय सरळ आहे," म्हणाले. मी इकडे जीव तोडून बोलतेय आणि ह्यांना रस्ता दिसतोय. मला पण दिसत होता, त्याचाच जास्त राग आला.

९ फेब्रु., रवि.

मागे बसायचं नाही, असं नितीन म्हणाला ना? ठीक. नाही बसणार.

दुसरी किल्ली माझ्या बटणांच्या डब्यात असते, हे नितीनला माहीत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा मोपेडवर जात होते की रोज. हिला गिअर आहेत, एवढाच फरक. आणि वजन. ढकलत त्याच रिकाम्या रस्त्यावर नेली. हे प्लास्टर सांभाळत मागून, "अगं वेडी आहेस का" करत. पण किक त्यांनीच मारली. मला जमत नव्हती.

सारखी बंद पडली. "क्लच हळू सोड." मी म्हटलं, शिकवायला तोंड उघडतं तुमचं.

एकदा मात्र नीट गेली, पार टोकापर्यंत. टोकाला एकटीच होते. हसू आलं. मग आठवलं आणि परत राग आला.

२३ फेब्रु., रवि.

पोळ्या लाटत होते, फोन ह्यांनी घेतला. "हो हो. ठीक आहे. चालेल. हो." ठेवला. कोण होतं? "नितीन. तब्येत विचारत होता."

मग नितीनने मला फोन केला. "आई, बरं झालं बाबा तयार झाले. रविवारी अकराला गिऱ्हाईक घेऊन येतो."

ह्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, तुम्ही काय कबूल केलंत ते. चेहरा पांढराफटक. म्हटलं, अजून वेळ आहे, फोन उचला, 'मला ऐकू आलं नव्हतं' एवढं एकच वाक्य, होकारही रद्द आणि माझं नावही साफ. फोनपाशी गेले. हात ठेवला. मग म्हणाले, "उद्या करतो."

आठवडाभर आता मी एक शब्द बोलणार नाही.

१ मार्च, शनि.

प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय. ह्यांनी फोन केलेला नाही. मीही बोललेले नाही. पम्मीला मात्र आज सगळं सांगून टाकलं, ऐकू येण्याचं पण. ती म्हणाली, "भाभी, हमें तो कब से पता है." म्हणजे मी गारठून गारठून कान कोणासाठी उघडे ठेवले?

२ मार्च, रवि.

सकाळी मीच बोलले. "निघायचंय." कुठे, ते ह्यांनी विचारलं नाही. खाली येऊन किक मारली, आणि सवयीने पुढे बसायला लागले. मी तशीच उभी राहिले. मग हे मागे सरकले.

मी पुढे. सोसायटीचं गेट, चौक, मग सुलतानपूरचा रस्ता. उन्हं छान होती. हॉर्न माझे मीच ऐकत होते. अकराला नितीन गिऱ्हाईक घेऊन येईल आणि दाराला कुलूप असेल. येऊ दे. विचारू दे त्याला, कोण हललं.

मोहरीपाशी पाठीत दोनदा थाप. थांबा.

आरशात पाहिलं. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. थांबवून, खाली उतरून, माझ्याकडे न बघता मोहरीकडे बघून सांगितलं असतं, आणि मी ऐकून घेतलं असतं, आणि नितीनला काही कळलं नसतं.

थांबवली नाही. "मला नाही," ओरडले, "त्याला सांगा. घरी गेल्यावर."

ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा थाप, हळूच.