मागच्या खोलीतलं नेटवर्क

प्रिय धाकटोबा,

गेल्या मंगळवारी मी आपल्या गल्लीत येऊन गेले. तुझी नजर चुकवून नव्हे. ऑफिसनंच पाठवलं होतं. तिथून चार वर्षं एकच तक्रार येतेय, की रस्त्यात फोन लागतो आणि घरात लागत नाही. आम्ही दर वेळी 'ग्राहकाच्या हँडसेटचा दोष' असा शेरा मारून ती मिटवायचो. या वेळी नवे साहेब म्हणाले, स्वतः जाऊन मोजून या. त्या भागातल्या नेटवर्कचा नकाशा माझा, म्हणून मीच गेले.

तुला मी माझं काम कधी धड सांगितलंच नाही. बाबा मात्र वह्या बांधून घ्यायला आलेल्या माणसाला हातातली खळ सुकेपर्यंत ऐकवायचे, आमची पोरगी हवेतले रस्ते आखते म्हणून. खरं तर सोपं आहे. एका टॉवरवर वेगवेगळे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, असतात. नऊशे मेगाहर्ट्झचा खालचा बँड लांबवर जातो, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतो. पण त्यात गर्दी मावत नाही. तेवीसशेच्या वरच्या बँडमध्ये पुष्कळ लोक मावतात, व्हिडिओ धावतात, पण जाड भिंत आली की त्याचा दम संपतो. म्हणून दोन्ही लागतात. आपल्याकडच्या टॉवरवर दोन्ही होते. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर तर तिथे जवळपास नाहीच.

यंत्र घेऊन मी कोपऱ्यापासून चालत आले. रस्त्यात सगळं झकास, माझ्या नकाशाबरहुकूम. आपल्या दाराची कडी मात्र दोनदा हातात धरून सोडली. तू माल पोचवायला गेला होतास. तुझ्या बायकोनं दार उघडलं आणि म्हणाली, "ताई, आधी पाणी घ्या." चार वर्षांनी आलेल्या नणंदेला तिनं बाकी काही विचारलं नाही. मला रडू आवरेना, तर यंत्राच्या वायरी सोडवायला लागले.

मागच्या खोलीत तू काही हलवलेलं नाहीस. दाबाचं यंत्र तिथेच, पुठ्ठे छताला टेकलेले, दोन हात जाड भिंत, मागे लोखंडी शटर. चार वर्षांपूर्वी बाबा कोसळले त्या जागी उभी राहून मी मोजलं. फोनवर दोन काड्या दिसत होत्या. नंबर लावला, तर नुसता गप्प. अकरा वेळा लावला. टॉवरचा आवाज जोरदार असतो, तो फोनपर्यंत कसाबसा पोचतो, म्हणून काड्या दिसतात. फोनचा आवाज बारीक, तो त्या भिंतीपलीकडे टॉवरपर्यंत पोचतच नाही. तुझी बायको दारातून बघत होती. हळूच म्हणाली, "ते त्या दुपारी असंच करत होते. मग बाबांना माझ्यावर सोपवून अनवाणी चौकापर्यंत पळाले."

ऑफिसात परतल्यावर मी जुनी फाइल काढली. टॉवरवरचा नऊशेचा संच काढून हायवेवरच्या टॉवरला लावला होता, कारण तिथे ग्राहक जास्त. बाबा गेले त्याच्या सतरा दिवस आधी. गल्लीत वरचा बँड पुरेसा आहे, असं खाली लिहिलंय आणि त्याखाली सही माझी आहे. मी रस्त्यावरचे आकडे बघितले होते, घरातले नाही. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, त्याच्या भिंती मला आठवल्या नाहीत.

मी साहेबांना सगळं लेखी दिलं, सहीसकट. मला ठपका मिळाला, तो मिळायलाच हवा होता. संच परवा परत बसला. काल तुझ्या बायकोला मागच्या खोलीतून फोन लावायला सांगितला. पहिल्या फटक्यात लागला. तुला आधी काही सांगू नये, अशी गळ मीच तिला घातली होती, तिच्यावर रागावू नकोस.

तेव्हा लवकर अँब्युलन्स आली असती तर बाबा वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. ते मला जन्मभर माहीत नसणार. पण एक गोष्ट आता पक्की माहीत आहे. तेराव्याला आत्या, काका, सगळे बसलेले असताना मी तुला म्हणाले होते, की तिथला नकाशा मी केलाय, तिथे नेटवर्क आहे, तू घाबरून बसलास आणि आता फोनवर ढकलतोयस. तू मान खाली घातलीस. मला वाटलं, कबुली दिलीस. बाळा, तू म्हणाला होतास तसाच, खरोखर वीस मिनिटं फोन लावत होतास. खोटं मी बोलले होते, तेही छाती पुढे काढून. चारचौघांत केलेला आरोप कानात माफी मागून पुसला जात नाही, म्हणून हे कागदावर लिहिलं. याचीच एकेक प्रत आत्याला आणि काकांना आजच टाकतेय. तू मला माफ कर अथवा नको करूस; त्यांच्यासमोर तुझी मान मात्र वर असली पाहिजे.

तुझीच,
ताई