मेरीचे डोळे

अण्णा, इथे टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या गराजमध्ये या हातांनी काय काय केलं ते आधी ऐका. शाडूचे गणपती, देव्हारा, मुलीचं अभ्यासाचं टेबल, आणि मूर्तीचे डोळे आखायचे ब्रशसुद्धा. डोळे तुम्ही शिकवले नाहीत. "रंग भर, दागिने कर, डोळ्यांना हात लावायचा नाही. जा, अभ्यास कर." तुम्ही गेल्यावर मी अंड्यांच्या टरफलांवर शिकलो. अजून सराव तिथेच चालतो. मुलगी फ्रीज उघडून ओरडते, "बाबा, दॅट्स सो क्रीपी! अंडी माझ्याकडे बघतायत."

मागच्या शनिवारी सॅन अँटोनिओकडचं एक जुनं स्पॅनिश चर्च बघायला गेलो. बरोक शैलीतलं, दगडात वेली, शंख, डाळिंबं, बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. त्याला लागूनच नन्सचा मठ. चर्चच्या आत लाकडी मेरी उभी आहे. डावा डोळा पुसलाय. उजवा नंतर कुणीतरी रंगवलाय आणि बुबुळ कणीभर वर नेलंय. नजर तपासायला तुम्ही बसायचात तसा मी तिच्या पायाशी फरशीवर बसलो. नजर माझ्या कपाळावर यायला हवी. ती छताला लागलीय.

"अहो, उठा, लोक बघतायत," बायको म्हणाली, आणि शेजारच्या म्हाताऱ्या सिस्टरना हे मूर्तिकार आहेत म्हणून सांगून मोकळी झाली.

सिस्टरनी आम्हाला मठाच्या ओसरीत बसवलं. मेरीचे दोन्ही डोळे करून द्याल का, म्हणाल्या. मी म्हटलं, ज्याची मूर्ती त्यानेच डोळे द्यायचे, आमच्या घरचा नियम आहे. दुसऱ्याने हात लावला की काय होतं, ते उजव्या डोळ्यात बघा.

"पण तो माणूस केव्हाच वारला!"

"म्हणूनच."

त्या हसल्या. बायको गाडीत बसली. मग म्हणाली, "अण्णांच्या गणपतीचंही हेच करून ठेवलंयत तुम्ही."

तुमचा शेवटचा गणपती. मांडीवर घेऊन विमानातून आणला. सगळा पूर्ण, फक्त डोळे राहिलेले. दर चतुर्थीला ब्रश उचलतो आणि खाली ठेवतो. तो तसाच राहील.

पण कबूल करतो, त्या रात्री मेरीचे डोळे टरफलावर काढून पाहिले. पहिल्याच हाताला नजर बरोबर कपाळावर आली. ते टरफल तुमच्या गणपतीशेजारी ठेवलंय. विटाळ म्हणू नका. डोळे नाहीत, तोवर तुमचा गणपतीही मातीच. हे पत्रही तिथेच राहील.

सिस्टर तीन हजार डॉलर देत होत्या. नाही म्हटलं.