चार तासांची भट्टी

११ मार्च, मंगळवार

सही केली. करायला नको होती.

दुसऱ्या भट्टीचा हीटर सकाळीच जळाला. लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांची निपलं – पंचवीस हजार – साच्यातून काढून ट्रेमध्ये पडलेली, आणि चालू भट्टी एकच. सिलिकॉन रबर साच्यातून निघतं तेव्हा त्यात काही द्रव्यं उरलेली असतात. दोनशे अंशांवर चार तास भाजलं की ती उडून जातात. नाही भाजलं तर जायची कुठे? दुधात! ती धोकादायक द्रव्यांच्या यादीत आहेत, आणि ती यादी सांभाळण्यासाठीच मला इथे ठेवलंय.

मॅनेजरला आम्ही पाठीमागे 'आत्ता' म्हणतो. सगळं त्याला आत्ता लागतं. म्हणाला, "दोन-दोन तासांनी काढा. उद्या ट्रक भरायचाय. गेल्या वर्षीचा तपासणी अहवाल आहे ना तुमच्याकडे? तोच जोडा." मी म्हटलं, एकदाच हं. "एकदाच हो!"

भट्टीवाले मामा मात्र ऐकेनात. बावीस वर्षं त्या भट्टीपुढे उभे आहेत.

"मॅडम, चार तास म्हणजे चार तास."

"मामा, आजचा दिवस."

"रजिस्टरात काय लिहू?"

"चार."

"म्हणजे खोटं?"

"म्हणजे नेहमीसारखं."

हे मी बोलले. मी! मामांनी लिहिलं आणि हातमोजे चढवून वळले. मग मी वर येऊन घोषणापत्रावर सही केली – 'यादीतील कोणतेही द्रव्य मर्यादेबाहेर नाही.'

१२ मार्च

ट्रक गेला. जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

१९ मार्च

नवा हीटर बसला. खाली जाऊन मामांना म्हटलं, "बरं झालं हो, आला एकदाचा." म्हणाले, "आला." पुढे काही नाही. एरवी हा माणूस भट्टीच्या दाराच्या बिजागरीवर अर्धा तास बोलतो.

८ एप्रिल

बाटल्या बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. त्यांनी आमची निपलं प्रयोगशाळेत तपासून घेतली. मर्यादेच्या तिप्पट!

पण खाली एक ओळ – सगळा माल गोदामातच रोखला आहे, एकही बाटली दुकानात गेलेली नाही. ती ओळ चारदा वाचली. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. कुणाच्या बाळाच्या तोंडात गेलं नाही. नाही गेलं.

तोंड पुसल्यावर भीती वाटायला लागली. आधी सुटका, मग स्वतःची काळजी – एवढासुद्धा वेळ लागला नाही मला.

१० एप्रिल

चौकशी झाली. मालक स्वतः बसले होते. टेबलावर रजिस्टर, आणि शेजारी भट्टीचा आलेख – यंत्र स्वतःच कागदावर काढतं तो. रजिस्टरात चार तास. आलेखात दोन.

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"चार लिहायला कुणी सांगितलं होतं?"

मामा टेबलाकडे बघत राहिले. माझ्याकडे बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते. कदाचित! हे लिहितानासुद्धा मी त्यांच्यावरच ढकलतेय.

"रजिस्टर माझ्या हातचं आहे साहेब."

'आत्ता'ला आयुष्यात पहिल्यांदा कसलीच घाई नव्हती. छताकडे बघत बसला होता. माझ्या मांडीवर फाइल होती. तिचा दुमडलेला कोपरा मी बोटाने सरळ करत होते. बास. मी एवढंच केलं.

११ एप्रिल

मामांना भट्टीवरून काढून गोदामात टाकलं. दुपारी त्यांनी राजीनामा दिला.

१३ एप्रिल

नवऱ्याला सांगितलं. तो भांडी विसळत होता. नळ बंद करून म्हणाला, "आणि नोकरी गेली तर?" मग – "पण तू जेवत नाहीस. ते कधीचं बघतोय मी."

त्याला वाटलं मी दुसऱ्या दिवशी जाऊन बोलेन. मलाही वाटलं.

१४ एप्रिल

नाही बोलले.

२ मे

आज कारण नसताना आठवलं. नोकरीतला माझा पहिला आठवडा. मामांनी ट्रेमधलं एक निपल उचललं, चिमटीत ताणलं, सोडलं. मी विचारलं, इतकं काय बघता हो प्रत्येक ट्रेला? म्हणाले, "मॅडम, हे मूल झोपेतही चोखत असतं. त्याला थोडंच थुंकता येतंय?"

सात वर्षं झाली त्याला. मी यादीतली शेकडो नावं पाठ केली. हे कसं विसरले?

२० मे

नवा भट्टीवाला चाळिशीचा आहे. हुशार वाटतो. आज साडेबाराला सहज रजिस्टर उघडलं तर संध्याकाळच्या पाळीपर्यंतचं सगळं भरून ठेवलेलं! चार, चार, चार. मी ओरडलेच. तो बिचारा गोंधळला. "इथे असंच चालतं ना मॅडम? मला तसंच सांगितलं."

कुणी सांगितलं हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्याच्यासमोर ते पान रद्द केलं. आलेख रोज माझ्या टेबलावर आला पाहिजे असं सांगितलं. बारकुशी गोष्ट. मार्चमध्ये एवढंच करायचं होतं.

१ जून, रविवार

मामांच्या घरी गेले. तिसरा मजला, जिन्यात सायकली. मामींनी दार उघडलं. "अहो, कारखान्यातल्या मॅडम आल्यात!" मामा टेबलफॅन खोलून बसले होते, स्क्रू ओळीने वर्तमानपत्रावर मांडलेले.

उभ्यानेच म्हणून टाकलं. "मामा, माझं चुकलं. तुमचं नाव खराब झालं ते माझ्यामुळे."

"बसा आधी."

बसले. मामींनी पाणी दिलं. मामांनी पंख्याचं एक पातं पुसलं, उजेडात धरून बघितलं, परत पुसलं.

"हे मला सांगून काय उपयोग मॅडम?"

रागाने नाही म्हणाले. राग असता तर बरं झालं असतं. मामी मध्येच म्हणाल्या, "ह्यांना आता दुपारची झोप मिळते, तेवढं बरंय." तिघंही हसलो. मी जरा जास्तच हसले.

४ जून

दोन पत्रं लिहिली. एक मालकांना, एक बाटलीवाल्या कंपनीला. दोन्हींत तेच. माल दोनच तास भाजला होता, मला माहीत होतं. रजिस्टरात चार लिहा असं मीच सांगितलं. अहवाल जुना जोडला, घोषणापत्र खोटं, सही माझी.

'आत्ता' खोलीत येऊन किंचाळला, "डोकं फिरलंय का तुमचं? सगळं मिटलं होतं!" मालकांनी मात्र चष्मा काढून ठेवला. "एप्रिलमध्ये बोलायला हवं होतं तुम्ही."

"हो."

"मीही पुढे विचारायला हवं होतं."

'आत्ता'ची चौकशी सुरू झाली. मला दुपारी टेबल रिकामं करायला सांगितलं. मामांना परत बोलावणं पाठवणार आहेत.

९ जून

मामा गेले नाहीत म्हणे. निरोप्याला चहा पाजून परत पाठवलं.

आता घरीच आहे. नवरा सकाळी माझ्याही वाटणीचा चहा करतो. मला सारखं ते टेबल आठवतं. दोन महिने तो माणूस माझ्यासाठी गप्प राहिला, आणि मी ते गप्प राहणं वापरून घेतलं.

१७ जून

बाटलीवाल्या कंपनीचं उत्तर घरच्या पत्त्यावर आलं. 'आपण कळवलेली बाब आम्हांस पूर्वीच ज्ञात होती.' सोबत एका पत्राची झेरॉक्स. मामांचं अक्षर. तारीख ११ मार्च. खोक्यावरचा पत्ता बघून पाठवलेलं. 'हा माल दोनच तास भाजलेला आहे. तपासल्याशिवाय लेकरांच्या तोंडात जाऊ देऊ नका. रजिस्टरात चार लिहिलंय, ते खोटं आहे, मीच लिहिलंय.' खाली पूर्ण नाव आणि सही.

माझं नाव कुठेच नाही.